गुदगुलीचा चहा

धाकट्या सुनेने नवऱ्याचे चामड्याचे हातमोजे शेगडीच्या आचेवर धरले होते. एकदा उलटे करावेत, एकदा सुलटे, आत बोटं घालून चाचपावं आणि पुन्हा आचेवर धरावेत, असं तिचं चाललं होतं. चामडं वरून वाळून कडक झालं होतं, पण आतलं अस्तर काही केल्या ओलसरच लागत होतं. पावसाने आठवडाभर उसंत दिली नव्हती. दोरीवरचे कपडे, भिंती, अंथरुणं, घरात कोरडं म्हणून काही उरलं नव्हतं.

सासरा चहासाठी आत आला आणि हा प्रकार बघून दारातच थबकला. आज हातमोजेच भाजून वाढणार आहेस का, त्याला मीठ किती घातलंस, असं त्याने विचारलं. मागून आलेला धाकटा हसला. धाकटीही कसनुसं हसली, पण हातमोजे काही तिने खाली ठेवले नाहीत.

म्हातारा वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. वाईट माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते; त्याला दोन शिव्या दिल्या की वाचणाऱ्याचं मन हलकं होतं. हा म्हातारा सुनांची थट्टा करी, कामगारांच्या अडीअडचणीला धावून जाई. नदीकाठच्या सगळ्या शेडमध्ये त्याला उस्ताद म्हणत. लोखंडी बोटींच्या तळाला ठिगळ लावावं तर त्यानेच, असा त्याचा लौकिक होता. मागे घर, पुढे पत्र्याची शेड आणि शेडपासून नदीत उतरत गेलेला चिखलाचा उतार, एवढ्यात त्याचं सगळं आयुष्य गेलं होतं.

या काठावर एक रीत होती. वेल्डिंग करताना करंट बसला तर त्याला झटका म्हणायचं नाही, गुदगुली म्हणायचं. पहिली गुदगुली ज्याला होई, त्याने सगळ्या शेडला चहा पाजायचा. तो कळवळत हात झटकत असे आणि बाकीचे टाळ्या पिटत. मग त्याच्या पाठीवर थाप पडे, आता तू वेल्डर झालास म्हणून. आणि एखादा म्हणाला की जागा ओली आहे, पाणी उपसून घेऊ, खाली कोरडी फळी टाकू, तर त्याचं नाव पडे ‘कोरडा’. हे नाव एकदा चिकटलं की सुटत नसे. कोरड्याला कोणी कामावर बोलवत नसे आणि त्याच्या बायकोलाही पाण्याच्या नळावर लोक हसून विचारत, काय गं, तुझा नवरा आज वाळला का?

अशा रीती कोणी ठरवून पाडत नाही. एकजण हसतो, दुसरा त्यात आपलं हसू मिसळतो आणि तिसऱ्याला रडायची सोय उरत नाही.

या हसण्यात एक मोठं अज्ञान दडलेलं होतं. ठिणगी नाही तिथे करंट नाही, असं काठावरचे सगळे मानत. ठिणग्या उडत असताना डोळ्यांवर काच धरायची, अंग सांभाळायचं. ठिणगी थांबली की धोकाही थांबला. मग मशीन सुरूच ठेवून रॉड पकडणारा होल्डर काखेत दाबायचा, दोन्ही हात मोकळे करायचे आणि हातोडीने जोडावरची काळी खपली ठोकून काढायची. खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. मशीन घुमत असतं आणि ठिणगी नसते, तेव्हा होल्डरमध्ये विजेचा जोर सगळ्यांत जास्त असतो. तो फक्त वाटेची वाट बघत असतो. माणूस कोरडा असला, कोरड्या फळीवर असला, तर त्याची कातडी थोडीफार आड येते. घामाने नाहीतर पाण्याने भिजलेला माणूस ओल्या लोखंडावर बसला, की तो स्वतःच वाट होतो. बोटीच्या पोटात तर पाठीला लोखंड, गुडघ्याला लोखंड आणि खाली पाणी.

गेल्या वर्षी अशाच पावसात म्हाताऱ्याचा थोरला मुलगा बोटीच्या पोटात काम करता करता गेला. छातीत कळ आली, असं म्हाताऱ्याने डॉक्टरांना सांगितलं, काठावर सांगितलं, घरात सांगितलं. त्या दिवशी सकाळी थोरली सून नवऱ्याशी भांडली होती, तो आवाज भिंतीपलीकडे गेला होता. मग काय, लोकांना कारण मिळालं. हळव्या छातीचा माणूस, सकाळी सकाळी बायकोने डोकं खाल्लं, ते त्याच्या जिवाला लागलं. हे कोणी तिच्या तोंडावर म्हणत नसे. फक्त ती आली की बोलणं थांबे. मागच्या अंगाला सामानाची खोली होती, त्यात तिची खाट गेली. तिला जेवायला कोणी नको म्हणत नव्हतं, आणि जेवलीस का असंही कोणी विचारत नव्हतं. माणसाला घरात ठेवून घराबाहेर काढता येतं, हे त्या घराला चांगलं जमलं होतं.

तर त्या सकाळी चहा होतो न होतो तोच बोटवाला आला. विटा वाहणाऱ्या त्याच्या बोटीचा तळ उसवला होता. पुढचं तोंड उतारावर ओढलेलं, मागचा भाग पाण्यात, आणि पोटात पाणी झिरपत होतं. पलीकडच्या गावात माल भरून पडला आहे, बोट आजच सुटली पाहिजे, असा त्याचा धोशा होता. पुरती वर ओढायची, पाणी उपसायचं, तळ वाळवायचा, यात उद्याची दुपार झाली असती. उस्तादाने बाहेर जाऊन बोटीकडे एक नजर टाकली आणि म्हणाला की धाकटा उतरेल, संध्याकाळी घेऊन जा.

धाकट्याने मान डोलावली आणि उरलेला चहा तसाच ठेवला. धाकटीने ते पाहिलं.

त्याला कारण होतं. गेल्या आठवड्यात धाकट्याला गुदगुली झाली होती. पहिली नव्हे, पण नेहमीचीही नव्हे. घासण्या म्हणून शेडमध्ये एक कामगार होता, लोखंड घासून गुळगुळीत करणारा आणि माणसांनाही खरवडत बसणारा. त्याने पहिली नसतानाही चहाची फर्माईश केली. धाकट्याने हसत हसत चहा पाजला. संध्याकाळी हात धुताना मात्र त्याने बायकोला सांगितलं, की होल्डर सोडायचा होता आणि बोटं उघडत नव्हती. मी त्यांना उघडा म्हणत होतो आणि ती माझी नसल्यासारखी मिटत चालली होती. पाय घसरून मी पडलो म्हणून सुटलो. एवढं सांगून तो बराच वेळ साबण लावत राहिला. तेव्हापासून धाकटी रोज हातमोजे शेकत होती.

नवऱ्याने तिच्या हातातले हातमोजे घेतले आणि तो सासऱ्यामागून शेडकडे गेला, तसं तिने मागच्या खोलीचं दार ढकललं. थोरली जुन्या चादरीला ठिगळ लावत बसली होती. धाकटीला काय विचारायचं आहे, ते तिलाच नीट माहीत नव्हतं. ती उभीच राहिली आणि म्हणाली, “ताई, आज यांना बोटीच्या पोटात उतरवतायत. आत पाणी आहे.”

थोरलीची सुई थांबली. तिने वर पाहिलं नाही.

“हातमोजे वाळलेत?”

“नाही.”

“मग ऐक. मी त्या दिवशी भांडले, हे खरं आहे. कशावरून भांडले, ते आजपर्यंत कोणी विचारलं नाही. हातमोज्यांवरूनच भांडले. ओलेकच्च होते. मी म्हटलं, वाळेपर्यंत थांबा. ते म्हणाले, थांबलो तर बाबाच सगळ्यांसमोर कोरडा म्हणतील. मी म्हटलं, म्हणू देत. मी दारात आडवी झाले. त्यांनी मला बाजूला सारलं आणि गेले.”

धाकटी खाटेवर बसली. “आणि छातीचं?”

“छातीला काय झालं होतं? मला उचलून जिना चढायचे, धाप लागायची नाही. घरी आणलं तेव्हा अंगात सदरा नव्हता. अंग मी पुसलं. डाव्या काखेत जळल्याचा डाग होता, आतपर्यंत काळा. हाताच्या तळव्यावरही.” तिने सुई चादरीत खोचून ठेवली. “मी बाबांना दाखवला. ते म्हणाले, जुना डाग असेल. मी पुन्हा म्हटलं, तर म्हणाले, भांडून त्याचा जीव घेतलास, आता बापाच्या माथी मारतेस? मग मी गप्प बसले. मला वाटलं, गेलेला माणूस काही परत येत नाही.”

गप्प बसण्याचं फळ आता हातमोजे घालून शेडमध्ये उभं होतं.

धाकटी पावसातून धावत गेली. शेडच्या कोपऱ्यात धाकटा केबल उलगडत होता. केबलचं वरचं रबर जागोजागी फाटलेलं, त्यावर चिंध्या गुंडाळलेल्या, आणि चिंध्या भिजलेल्या. तिने त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं आणि सगळं सांगितलं. तो चकित होईल, असं तिला वाटलं होतं. तो चकित झाला नाही.

“मला वाटलंच होतं,” तो म्हणाला. “बोटं मिटली ना, तेव्हाच मला दादा आठवला.”

“मग नका उतरू.”

“काय सांगू त्यांना?”

“भीती वाटते म्हणून सांगा.”

असं काही या शेडमध्ये आजवर कोणी बोललं नव्हतं. करंटाला भिणारे पुष्कळ होते. खरं तर सगळेच भीत होते, घासण्यासुद्धा. पण ते बोलायची कोणाची छाती नव्हती. आपल्याकडे विजेपेक्षा हसण्याची दहशत मोठी.

तेवढ्यात उस्तादाची हाक आली. धाकटा होल्डर घेऊन उतारावरून खाली गेला. बोटीच्या तोंडाशी माणूस जाईल एवढं चौकोनी भोक होतं. आत काळोख आणि तळाशी पाणी डुचमळत होतं. शेडमध्ये मशीन सुरू झालं आणि त्याची घरघर केबलमधून हातात आल्यासारखी वाटली. हातमोज्यांचं अस्तर बोटांना गार लागत होतं. धाकट्याने एक पाय आत टाकला. गारठलेलं लोखंड पोटरीला लागलं आणि तो पाय आपोआप वर आला. त्याने पुन्हा टाकला. पुन्हा वर आला. घासण्याच्या ते लक्षात आलं. पाणी गरम करून देऊ का, असं त्याने वरून विचारलं आणि दोघे-तिघे हसले.

धाकट्याने होल्डर बाजूच्या कोरड्या लाकडी ओंडक्यावर ठेवला. हळू ठेवला, जसं झोपलेलं मूल ठेवतात. मग तो वळला.

“बाबा, मला भीती वाटते.”

हसू थांबलं.

“काय म्हणालास?”

“भीती वाटते. आत पाणी आहे, हातमोजे ओले आहेत. मी आत मरेन. बोट वर ओढा, वाळवू, मग मी रात्रंदिवस काम करतो. असा उतरणार नाही.”

घासण्याने ‘कोरडा’ म्हणायला तोंड उघडलं होतं, पण धाकट्याच्या तोंडाकडे बघून मिटून घेतलं. बोटवाला मात्र चिडला. उस्तादाच्या शेडमध्ये आता बायका कामाला ठेवल्या आहेत काय, असं तो बोलला. म्हाताऱ्याची कानशिलं तापली. त्याने मुलाकडे पाहिलंही नाही. त्याच्या हातातले हातमोजे ओढून घेतले, आपल्या हातात चढवले, ओंडक्यावरचा होल्डर उचलला आणि बोटीच्या भोकाशी गेला. माझं काम मी करतो, असं म्हणून तो आत उतरू लागला. धाकट्याने त्याचा सदरा धरला, तो त्याने झटकून सोडवला. गुडघ्यापर्यंत म्हातारा दिसत होता, मग कमरेपर्यंत, मग फक्त डोकं. धाकटी किंचाळली. ते म्हाताऱ्याने ऐकलं की नाही कोण जाणे, डोकंही आत गेलं.

आणि घरघर थांबली.

सगळ्यांनी शेडकडे पाहिलं. मेन स्विचपाशी थोरली उभी होती. गेल्या वर्षापासून तिने शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. तिने स्विचचा दांडा खाली ओढला होता आणि दोन्ही हातांनी तो खालीच दाबून धरला होता.

बोटीच्या पोटातून म्हाताऱ्याचा आवाज आला, मशीन कोणी बंद केलं?

“मी बंद केलं, बाबा,” थोरली म्हणाली. आवाज मोठा नव्हता, तरी तो खालपर्यंत पोचला. “एकाचं अंग मी पुसलंय. तुमचं पुसणार नाही.”

घासण्या स्विचपासून चार पावलांवर होता, त्याने पायाने एक लोखंडी तुकडा इकडून तिकडे सरकवला आणि तो मागे झाला.

धाकटा भोकापाशी पोटावर पडून आत डोकावला. म्हातारा पाण्यात बसला होता. पाठ लोखंडाला टेकलेली, होल्डर मांडीवर. जिथे थोरला सापडला, तशाच जागी, तसाच. इतक्या वर्षांत तो कितीदा तरी बोटीच्या पोटात उतरला होता, पण थोरला गेल्यापासून आज पहिल्यांदाच. लोखंड चारी बाजूंनी कसं अंगाला लागतं, ते त्याला आज नव्याने कळत होतं. काळोखात त्याने आपला हात काखेपाशी नेला आणि तिथेच ठेवला.

“मी वरच होतो,” तो म्हणाला. कोणाला म्हणाला, ते कळेना. “ठिणग्या थांबल्या. मला वाटलं, खपली काढतोय. मी चहा पीत बसलो. त्याला हाकही मारता आली नसेल का रे?”

“नाही, बाबा,” धाकटा म्हणाला. “आवाज फुटत नाही. सगळंच मिटतं.”

म्हातारा तोंडावर हात घेऊन रडला. बोटीच्या पोटात तो आवाज घुमून मोठा होत होता आणि वर उभी असलेली माणसं खाली बघत होती. त्यांना रडणं बघायची सवय नव्हती. धाकट्याने त्याला काखेत हात घालून वर काढलं.

बोटवाल्याचं मात्र काम अडलं होतं. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, घड्याळ पाहिलं, मग आपली माणसं बोलावली आणि दोर लावून बोट शेजारच्या उतारावर ओढून नेली. तिथल्या शेडवाल्याला कधीपासून उस्तादाची गिऱ्हाइकं हवीच होती. त्याने लगेच आपला वेल्डर पुढे केला. लग्न होऊन वर्षही न झालेला तो तरुण हसत हसत पोटात उतरला. बघता बघता भिंतीपलीकडून दुसरं मशीन घुमायला लागलं.

थोरलीने स्विचवरचा हात आत्ता कुठे सोडला होता. तो आवाज ऐकून तिने दोन्ही हात कानांवर घेतले. धाकटी तिच्याजवळ गेली. आपला माणूस वाचला, आपलं झालं, असं म्हणून ती घरात जाऊ शकली असती. तिला तसं वाटलंही, क्षणभर. पण भिंतीपलीकडे ठिणग्यांचा फडफडाट थांबे आणि नुसती घरघर उरे, तेव्हा तिच्या मनात येई, आता तो होल्डर काखेत धरत असेल.

चिखलाने माखलेला म्हातारा उठला. त्याने कोणाला काही सांगितलं नाही. तो उतारावरून तिरका चालत शेजारच्या शेडकडे निघाला आणि थोरली त्याच्या मागून निघाली. मध्येच त्याचा पाय घसरला, तेव्हा तिने त्याला धरलं. त्याने तिचा हात सोडवून घेतला नाही.

शेजाऱ्याला वाटलं, भांडायला आले. तो बाह्या सरसावून पुढे झाला. आजूबाजूच्या शेडमधलीही माणसं गंमत बघायला जमली. म्हातारा त्यांच्यासमोर उभा राहिला.

“माझा थोरला छातीने गेला नाही,” तो म्हणाला. “करंटाने गेला. ओल्यात मी उतरवला त्याला. काखेत सदरा जळला होता. तो सदरा मी काढला आणि नदीत टाकला, कोणी बघू नये म्हणून. आणि नाव हिचं घेतलं.” त्याने थोरलीकडे बोट केलं नाही, मान वळवून तिच्याकडे पाहिलं. “ही त्याला उतरू नको म्हणत होती. आता तुझं मशीन बंद कर.”

जमलेल्यांपैकी कोणी हसलं नाही. भोकातून त्या तरुणाचं डोकं वर आलं. बोलणं त्याच्या कानावर गेलं होतं. त्याच्या हातमोज्यांतून पाणी ठिबकत होतं. तो वर चढून आला, मालकाकडे न बघता उतारावर जाऊन बसला आणि त्याने हातमोजे काढून बाजूला ठेवले. मग शेजाऱ्याने स्विच खाली ओढला.

बोटवाल्याने त्या दिवशी सगळ्यांचा उद्धार केला. पण नंतर तोच बोट वर ओढायला हात लावू लागला, कारण दुसरा इलाज नव्हता. पाणी उपसलं, तळ पुसून वाळवला, आत कोरड्या फळ्या अंथरल्या, चिंध्यांची केबल काढून धड केबल जोडली. स्विचपाशी एक माणूस हात ठेवून उभा केला आणि ठिणगी थांबली की त्याने मशीन बंद करायचं, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट सुटली. माल पलीकडे एक दिवस उशिरा पोचला. तिथे कोणी त्याचं कारणही विचारलं नाही.

थोरला ज्या बोटीत उतरला होता, तीही एक दिवस उशिरा गेली असती तर चाललं असतं.